वाट असू द्या, पण अरुंद

क्रोम ब्राउझरमध्ये एक छुपी सोय आहे. एखाद्या साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रात, म्हणजे ती साइट खरी असल्याची ओळख पटवणाऱ्या दाखल्यात, गडबड आढळली की लाल खुणेचे इशाऱ्याचे पान समोर येते, आणि काही वेळा त्या पानावर 'तरीही पुढे जा' हा पर्यायच नसतो. अशा वेळी त्या पानावर कुठेही क्लिक करून 'दिस इज अनसेफ' हे तीन शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप केले की अडवलेली साइट उघडते. टाइप करायला चौकट नाही, टाइप केलेली अक्षरेही दिसत नाहीत. हा परवलीचा शब्द आधी 'डेंजर' होता, मग 'बॅड आयडिया' झाला. तोही सगळीकडे माहीत झाल्यावर गैरवापर टाळण्यासाठी २०१८मध्ये बदलला गेला. आताचा शब्दही एव्हाना कुणापासून लपून राहिलेला नाही.

ही सोय जाणकारांसाठी ठेवली आहे हे उघड आहे. पण ती जाणकाराला ओळखते कशी? त्याला एक शब्द पाठ आहे एवढ्यावरून. समोरचा सर्व्हर कोणाचा, प्रमाणपत्र का नाकारले गेले, आपण कोणत्या नेटवर्कवर बसलो आहोत, यातले काहीही त्याला विचारले जात नाही. शब्द माहीत असलेला माणूस आत जातो. शब्द माहीत नसलेला पण स्वतःच्याच यंत्रासमोर बसलेला, त्या यंत्राची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस बाहेर राहतो. ब्राउझरचे इशारे आणि जाणकारांची मुभा यांवरचा सगळा वाद मला याच जागी चुकलेला वाटतो. मुभा द्यावी की देऊ नये, यावर आपण वर्षानुवर्षे भांडत आहोत. ती कशाच्या आधारावर द्यावी, हा प्रश्न मात्र मागे पडला आहे.

ब्राउझर बनवणाऱ्यांची बाजू आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती हटवादी नाही. २०१३मध्ये देवदत्त आखावे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट यांनी क्रोम आणि फायरफॉक्समध्ये दाखवल्या गेलेल्या अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रमाणपत्राचा इशारा आल्यावर क्रोमच्या वापरकर्त्यांनी ७०.२ टक्के वेळा तो बाजूला सारला होता. फायरफॉक्समध्ये हेच प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. (या तफावतीत केवळ पानाच्या रचनेचा हात नव्हता. फायरफॉक्स एकदा दिलेली परवानगी कायमची लक्षात ठेवू शकत असे, त्यामुळे सवयीच्या साइटवर तोच इशारा पुन्हा येत नसे.) म्हणजे जगातल्या सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरपैकी एकात, दर दहापैकी सात वेळा, इशारा वाया जात होता. लोकांची खाती आणि खासगी पत्रव्यवहार ज्यांच्या भरवशावर चालतो, त्या अभियंत्यांनी हा आकडा पाहून गप्प बसावे अशी अपेक्षाच चूक ठरली असती.

पण लोक इशारे का झुगारतात, याचे उत्तर लोकांच्या अडाणीपणात नाही. 'लांडगा आला रे आला' अशी ओरड रोज ऐकणारे गाव करते तेच इथे घडत होते. २०१७मध्ये गुगलच्या संशोधकांनी क्रोममधल्या प्रमाणपत्रांच्या तक्रारींची मुळे शोधली, तेव्हा निम्म्याहून अधिक चुका साइटच्या नव्हत्याच. त्या वापरणाऱ्याच्या संगणकातल्या किंवा नेटवर्कमधल्या होत्या. संगणकाचे घड्याळ चुकलेले असले की आजचे धडधाकट प्रमाणपत्र त्याला अजून सुरू न झालेले किंवा कधीच मुदत संपलेले वाटते. विमानतळासारख्या ठिकाणी वायफायचे लॉगिन पान मध्ये घुसते. अँटिव्हायरस स्वतःच वाहतूक उलगडून पाहतो आणि ते काम गचाळ करतो. या निष्कर्षांच्या आधारे क्रोमने घड्याळासाठी आणि वायफायच्या लॉगिनसाठी वेगळी, खरे कारण सांगणारी पाने आणली. इशाऱ्यांच्या बाबतीत झालेले हे सगळ्यात शहाणपणाचे काम आहे असे मी मानतो. दहा खोटे इशारे कमी करणे हे एक खरा इशारा अधिक लाल रंगवण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

आता ज्या इशाऱ्यांना वाटच ठेवलेली नाही त्यांच्याकडे वळू. २००९मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक याने दाखवून दिले की मध्ये बसलेला माणूस सुरक्षित साइटकडे जाणाऱ्याला गुपचूप असुरक्षित जोडणीवर ठेवू शकतो, आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. त्यावरचा उपाय म्हणून एचएसटीएस आले. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये आरएफसी ६७९७ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजातून ते प्रमाण झाले. साइट ब्राउझरला सांगते, 'यापुढे माझ्याशी फक्त सुरक्षित जोडणीनेच बोल, आणि त्यात काही बिघाड झाला तर वापरणाऱ्याला विचारू नकोस, थांब.' वापरकर्त्याला पर्याय नसावा ही गोष्ट त्या दस्तऐवजात स्वतंत्र कलम करून लिहिली आहे. हा निर्णय साइटच्या मालकाचा आहे, आणि तो तसा घेण्याचा हक्क त्याला आहे. बँकेने 'आमच्याशी अर्धवट सुरक्षित बोलूच नका' असे सांगितले, तर ग्राहकाच्या उतावीळपणाला तिथे जागा नको.

याची गरज किती खरी आहे ते २०११च्या उन्हाळ्यात दिसले. डिजिनोटार या डच प्रमाणपत्र संस्थेत घुसखोरी झाली आणि घुसखोरांनी गुगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र बनवून घेतले. ते गणिताच्या दृष्टीने अस्सल होते, जगभरच्या ब्राउझरांनी मान्य केलेल्या संस्थेने सही केलेले. इराणमध्ये ते जीमेल वापरणाऱ्यांच्या आणि गुगलच्या मध्ये बसवले गेले. नंतरच्या तपासात सुमारे तीन लाख आयपी पत्ते या सापळ्यातून गेल्याचे आढळले. क्रोममध्ये मात्र गुगलच्या साइटसाठी कोणत्या संस्थांच्या सह्या चालतील याची यादी आतच कोरलेली होती. म्हणून इराणमधल्या एका वापरकर्त्यासमोर इशारा आला, ऑगस्टमध्ये त्याने त्याबद्दल जाहीरपणे विचारले, आणि सगळे प्रकरण उघडकीस आले. पुढच्याच महिन्यात डिजिनोटारचे दिवाळे निघाले. त्या इशाऱ्यावर ठसठशीत 'पुढे जा' बटण असते, तर किती जणांनी ते दाबले असते हे दोन वर्षांनंतरच्या त्या ७० टक्क्यांवरून कळते.

म्हणून मी जाणकारांच्या वतीने बोलताना 'माझा संगणक, माझी मर्जी' एवढ्यावर थांबत नाही. ते वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे.

आता दुसरी बाजू. एखाद्या सर्व्हरच्या पोटात स्वतंत्र व्यवस्थापन कार्ड असते. सर्व्हर बंद पडला, तरी त्या कार्डाच्या वेब पानावरून तो पुन्हा चालू करता येतो. कार्ड दहा-बारा वर्षांपूर्वीचे, निर्मात्याने त्याचे अपडेट कधीच थांबवलेले. २०१५मध्ये लॉगजॅम नावाचा हल्ला समोर आल्यावर ब्राउझरांनी दुबळ्या डिफी-हेलमन चाव्या (दोन यंत्रांचे गुप्त बोलणे ज्यांवर उभे राहते त्या) स्वीकारणे बंद केले, आणि ते योग्यच झाले. पण या कार्डाला त्याच चाव्या येतात. रात्री सर्व्हर कोसळतो. अ‍ॅडमिन त्याच खोलीत आहे, त्याच्या लॅपटॉपमधून निघालेली केबल थेट त्या कार्डात खोचलेली आहे. मध्ये कुणी बसण्याचा प्रश्नच नाही, केबलची दोन्ही टोके त्याला दिसताहेत. ब्राउझर म्हणतो, जोडणी सुरक्षित नाही. पुढे जाण्याचे बटण नाही, कारण इथे दोन यंत्रांचे बोलणे सुरूच होऊ दिले जात नाही. परवलीचा शब्दही चालत नाही.

तो माणूस काय करतो? काम सोडून देत नाही. तो जुना ब्राउझर शोधतो, ज्याला वर्षानुवर्षे पॅच मिळालेला नाही, आणि 'लागेल पुन्हा' म्हणून तो संगणकावर ठेवून देतो. किंवा क्रोम 'इग्नोर सर्टिफिकेट एरर्स' हा आदेश जोडून सुरू करतो. त्याने या एका कार्डाची नव्हे, तर त्या खेपेला उघडलेल्या सगळ्या साइट्सची प्रमाणपत्रांची तपासणी बंद होते. (क्रोम वर पिवळी पट्टी दाखवून तसे बजावतो, पण बजावण्यापलीकडे काही करत नाही.) अनेक ठिकाणी हा आदेश डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये घालून ठेवलेला असतो, पुढच्या माणसाच्या सोयीसाठी. तो पुढचा माणूस त्याच शॉर्टकटवरून ईमेल उघडतो.

माझा मुद्दा इथे आहे. अरुंद वाट बंद केली की माणूस परत फिरत नाही, तो भिंत पाडतो. एका पत्त्यापुरती, एका प्रमाणपत्रापुरती परवानगी नाकारल्याने सुरक्षा वाढली असे ब्राउझरच्या आकडेवारीत दिसेल, कारण जुना ब्राउझर आणि तो शॉर्टकट त्या आकडेवारीत कुणी मोजत नाही.

ही अडचण केवळ अडगळीतल्या यंत्रांची नाही. २०१९च्या मे महिन्यात फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडच्या, अस्सलपणाच्या सह्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका मधल्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या फायरफॉक्समधली अ‍ॅड-ऑन्स एका रात्रीत बंद पडली. फायरफॉक्सच्या नेहमीच्या आवृत्तीत सही नसलेले अ‍ॅड-ऑन चालवण्याची मुभा २०१६मध्येच काढून टाकली होती. त्यामागचे कारण वजनदार होते: घातक सॉफ्टवेअर ती सेटिंग स्वतःच बदलून आपले अ‍ॅड-ऑन घुसवत असे. पण त्या रात्री चूक खुद्द मोझिलाची होती आणि वापरकर्त्याच्या हातात काहीच नव्हते. दुरुस्ती आधी 'स्टडीज' या, एरवी प्रयोगांसाठी असलेल्या यंत्रणेतून पाठवली गेली. ज्यांनी खासगीपणासाठी ती यंत्रणा बंद ठेवली होती त्यांना, लवकर सुटका हवी असेल तर, ती सुरू करावी लागली. ओळख लपवून वावरण्यासाठीच्या टॉर ब्राउझरमधले, साइट्सच्या स्क्रिप्ट रोखणारे नोस्क्रिप्टही बंद पडले. टॉर वापरणाऱ्यांत असे लोक असतात ज्यांच्यासाठी ते अ‍ॅड-ऑन चैनीचे नसून संरक्षणाचे असते. टॉर ब्राउझर फायरफॉक्सच्या दीर्घकालीन आवृत्तीवर उभा आहे आणि त्या आवृत्तीत सहीची अट शिथिल करणारी सेटिंग शिल्लक होती. टॉर प्रकल्पाने लोकांना तात्पुरता तोच उपाय सांगितला. जिथे वाट ठेवलेली होती तिथे माणसे सावरली. जिथे नव्हती तिथे ती दुसऱ्याच्या दुरुस्तीची वाट पाहत बसली.

मार्च २०२०मध्ये फायरफॉक्स ७४ने टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या जुन्या दोन आवृत्त्या बंद केल्या आणि लगेच पुन्हा चालू केल्या, कारण कोविडची माहिती देणाऱ्या काही सरकारी साइट्स त्याच आवृत्त्यांवर चालत होत्या. नियम बरोबर होता. तो वाकवणेही त्या आठवड्यात बरोबरच होते.

मग जाणकाराला ओळखायचे कसे? माझे उत्तर असे की ओळखायचा प्रयत्नच करू नये. जाणकारपणा हा माणसावर कायमचा लागलेला शिक्का नाही; तो प्रसंगापुरता असतो. मघाच्या अ‍ॅडमिनला त्या केबलबद्दल सगळे माहीत आहे. तोच माणूस प्रवासात, अनोळखी वायफायवर, बँकेची साइट उघडताना कुणाही इतकाच आंधळा असतो, किंबहुना आत्मविश्वासामुळे थोडा अधिकच. २०१३च्या त्याच अभ्यासात मालवेअर आणि फिशिंगच्या काही इशाऱ्यांबाबत लिनक्स वापरणारे इतरांपेक्षा जास्त वेळा पुढे गेल्याचे दिसले. तांत्रिक सफाई आली की भीती कमी होते, पण धोका तेवढाच राहतो. त्यामुळे 'मी तज्ज्ञ आहे' असे सेटिंग, अँड्रॉइड फोनवर डेव्हलपरांचे पर्याय उघडायला सात वेळा टिचकी मारण्याचे विधी, परवलीचे शब्द, हे सारे चुकीच्या गोष्टीची परीक्षा घेतात.

बरोबर परीक्षा कशी असते ते ब्राउझरबाहेर, दूरचे यंत्र चालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएचमध्ये दिसते. दूरच्या यंत्राशी प्रथमच जोडणी करताना एसएसएच त्या यंत्राच्या चावीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख पटवणारी अक्षरे-अंकांची खूण) दाखवते आणि विचारते, पुढे जायचे का? वर्षानुवर्षे सगळे न वाचता 'येस' टाइप करत आले. २०१९मध्ये ओपनएसएसएच ८.०ने तिथे तिसरे उत्तर स्वीकारायला सुरुवात केली: फिंगरप्रिंट स्वतःच तिथे टाका. तो तुम्ही दुसऱ्या मार्गाने मिळवलेला असतो, यंत्राच्या पडद्यावरून किंवा ते बसवणाऱ्या सहकाऱ्याकडून. जुळवाजुळव संगणक करतो. जुळला तरच जोडणी होते. इथे माणसाचा हुद्दा कुणी विचारत नाही, आत्मविश्वास मोजत नाही. ज्या गोष्टीमुळे ही जोडणी सुरक्षित ठरते, नेमकी ती तुम्हाला माहीत आहे का, एवढाच प्रश्न असतो. आणि पुढे कधी ती चावी बदलली, तर एसएसएच आरडाओरडा करून थांबते. फाइलमधली जुनी नोंद हाताने काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ब्राउझरच्या इशाऱ्यावर हीच सोय का असू नये? 'या प्रमाणपत्राचा फिंगरप्रिंट माझ्याकडे आहे' असा पर्याय, त्याखाली एक चौकट. फिंगरप्रिंट जुळला, तर त्या एका पत्त्यासाठी, त्या एका प्रमाणपत्रासाठी, ठरावीक मुदतीची परवानगी. ज्याच्याकडे फिंगरप्रिंट नाही त्याला आपल्याला काय माहीत नाही हे त्याच क्षणी कळते, आणि हे कळणे कोणत्याही लाल अक्षरांपेक्षा परिणामकारक आहे. सार्वजनिक साइट्ससाठी हे उपयोगाचे नाही हे मला मान्य आहे. तिथे प्रमाणपत्रे सतत बदलतात, आणि २०२९पर्यंत त्यांची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार असल्याचे प्रमाणपत्र संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचाने ठरवून टाकले आहे. पण जाणकारांची खरी गरज सार्वजनिक साइट्सवर फार थोडी असते. ती राउटर, प्रिंटर, साठवणुकीची यंत्रे आणि चाचणीचे सर्व्हर यांच्यापाशी असते. दुबळ्या चाव्यांच्या जुन्या यंत्रासाठी फिंगरप्रिंट पुरणार नाही. तिथे जुनी पद्धत फक्त त्या एका पत्त्यासाठी, आणि तीही खासगी नेटवर्कवरच, चालू करता आली पाहिजे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. फोनवर बोलत असलेला ठग माणसाकडून काहीही टाइप करून घेऊ शकतो. परवलीचा शब्द सांगू शकतो, तसा फिंगरप्रिंटही सांगेल. खरे आहे. पण ठगाला प्रमाणपत्राच्या इशाऱ्याशी झुंजावे लागत नाही. नकली नावाच्या साइटसाठी अस्सल प्रमाणपत्र आज फुकट मिळते. प्रमाणपत्राचा इशारा ज्याला अडवतो तो शत्रू जोडणीच्या मध्ये बसलेला असतो आणि सहसा तुमच्याशी बोलत नसतो. म्हणून तिथे दुसऱ्या मार्गाने आलेली माहिती खरी कसोटी ठरते. फिशिंग आणि मालवेअरच्या इशाऱ्यांचे उलट आहे. तिथे शत्रू बोलणाराच असतो, समजावणारा, घाई करणारा. फोनवरून सांगता येईल अशी कोणतीही मुभा तिथे ठगाचीच मुभा होते. या दोन जातींच्या इशाऱ्यांना एकाच साच्याचे पान आणि एकाच जागी 'तपशील' नावाचे बटण देणे ही रचनेतली मोठी चूक आहे.

बोलणाऱ्या शत्रूपासून वाचवणारी मुभाही बनवता येते. क्रोमबुकमध्ये डेव्हलपर मोड सुरू केला की यंत्रावरची सगळी स्थानिक माहिती पुसली जाते, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना तपासणी बंद असल्याचे पान दिसते. मालकाचा हक्क शाबूत राहतो. पण गप्पांच्या ओघात, पाच मिनिटांत, नकळत तो वापरून घेणे कुणाला जमत नाही. घातक साइट्सचा अभ्यास करणाऱ्या संशोधकासाठी याच धर्तीवर वेगळे, रिकामे प्रोफाइल असावे, ज्यात त्याचे पासवर्ड नाहीत आणि लॉगिन नाहीत, आणि इशाऱ्यांपलीकडे जायची मोकळीक फक्त तिथेच असावी.

एका ठिकाणी मात्र मी कोणतीही वाट मागणार नाही. २०१९मध्ये कझाकस्तानात नागरिकांना सरकारचे मूळ प्रमाणपत्र आपल्या उपकरणांवर बसवायला सांगितले गेले. ते बसवले की त्यांची सांकेतिक वाहतूक मध्येच उलगडून वाचता येत होती. ऑगस्टमध्ये गुगल आणि मोझिलाने ते प्रमाणपत्र थेट नाकारायला सुरुवात केली, वापरकर्त्याने ते स्वतःच्या हाताने बसवले असले तरी. कागदोपत्री हा वापरकर्त्याच्या निर्णयाचा अनादर आहे. प्रत्यक्षात तो निर्णय त्याचा नव्हताच. मुभा असती, तर ती वापरण्याचा हुकूमही आला असता. 'पुढे जा' म्हणण्याचा हक्क ज्याच्यावर सक्ती होऊ शकते त्याच्या हाती देणे म्हणजे सक्ती करणाऱ्याच्या हाती देणे.

कंपन्यांना यातले बरेच काही आधीच मिळालेले आहे. क्रोमच्या व्यवस्थापन धोरणांत प्रमाणपत्राचा इशारा ओलांडण्याची मुभा पूर्ण बंद करता येते, किंवा नावे घेऊन ठरावीक साइट्सपुरती चालू ठेवता येते. म्हणजे अरुंद, नेमकी, नोंद राहणारी परवानगी कशी असावी हे ब्राउझर बनवणाऱ्यांना पुरते ठाऊक आहे. ती फक्त त्यांनाच मिळते ज्यांच्यामागे आयटी विभाग उभा आहे. एकट्याने काम करणारा, स्वतःची यंत्रे स्वतः सांभाळणारा माणूस मात्र परवलीचा शब्द शोधत फिरतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये एक साधी यादी हवी: कोणत्या पत्त्याला, कोणत्या प्रमाणपत्रासाठी, कोणत्या तारखेपर्यंत मुभा दिली, आणि का दिली हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले. मुदत संपली की नोंद आपोआप पुसली जावी. आणि ती यादी संगणकावर घुसलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरला परस्पर बदलता येऊ नये, याची काळजी ब्राउझर आपले जतन केलेले पासवर्ड सांभाळतो तेवढ्याच गांभीर्याने घेतली जावी.